तोतया मिगची घडण

फ्लाइट सिम्युलेटरसाठी विमानं घडवणाऱ्यांचं काम बहुधा कातडीवरून जोखलं जातं. पत्र्याचे सांधे नेमके जमलेत का, रिव्हेटांच्या रांगा फोटोशी जुळतात का, नाकावरचा रंग उन्हाने किती विटलाय, एक्झॉस्टच्या कडेला काजळी कुठवर चढलीय, यावर जाणकार तासन्‌तास वाद घालतात. त्या वादाला माझी हरकत नाही. विटलेला रंग नीट विटवायलाही डोळा लागतोच. पण लढाऊ वैमानिकांच्या प्रशिक्षणात प्रतिपक्षाचं काम करणारी जी विमानं असतात, त्यांच्या बाबतीत ही पारख अपुरी पडते असं माझं ठाम मत आहे. ही विमानं दुहेरी असतात. अमेरिकन नौदलाचं एफ-५ शेपटीवर लाल तारा मिरवत मिग-२१ म्हणून उडतं, तेव्हा घडवणाऱ्यापुढे पहिला प्रश्न उभा राहतो तो हाच, की आपण नक्की कोणाला घडवतोय? नॉर्थ्रॉप कंपनीच्या एफ-५ला, की त्याने ज्याचं सोंग घेतलंय त्या मिगला? माझं उत्तर असं, की दोघांच्या मर्यादा एकाच वेळी घडवल्याशिवाय हे काम पुरं होत नाही. त्या विमानाला काय जमत नाही, त्याच्या वैमानिकाला काय दिसत नाही आणि जमत असूनही तो मुद्दाम काय करत नाही, या तीन गोष्टींत प्रतिपक्षाचा खरेपणा असतो.

हे मत हवेतून आलेलं नाही. या विमानांचा जन्मच त्या गरजेतून झाला. व्हिएतनाम युद्धाच्या पहिल्या टप्प्यात अमेरिकन नौदलाची हवाई लढतींतली कामगिरी साधारण दोनास एक इतकी खाली आली होती. शत्रूची दोन-अडीच विमानं पाडावीत आणि स्वतःचं एक गमवावं, असा तो हिशोब. कॅप्टन फ्रँक ऑल्ट यांच्या समितीने १९६८ मध्ये याची कारणं शोधली. क्षेपणास्त्रांच्या बिघाडांइतकंच एक साधं कारण पुढे आलं. वैमानिक सराव करत होते आपल्याच जातीच्या विमानांशी, फँटमविरुद्ध फँटम, आणि लढायची वेळ येत होती ती लहान, चपळ आणि वेगळ्याच स्वभावाच्या मिगशी. मार्च १९६९ मध्ये कॅलिफोर्नियातल्या मिरामार तळावर पुढे ‘टॉप गन’ म्हणून गाजलेली शाळा सुरू झाली. तिथे मिग-१७ च्या जागी ए-४ स्कायहॉक आणि मिग-२१ च्या जागी टी-३८ उडू लागलं. एफ-५ई नंतर आलं. युद्धाच्या शेवटच्या टप्प्यात नौदलाचा तोच आकडा बारास एकच्या आसपास गेला. सगळं श्रेय शाळेला देणं घाईचं ठरेल, कारण मधल्या काळात क्षेपणास्त्रंही सुधारली होती. मात्र त्याच काळात फँटमच उडवणाऱ्या अमेरिकन हवाई दलाचा आकडा फारसा हलला नाही, आणि हवाई दलाने आपली पहिली अॅग्रेसर, म्हणजे प्रतिपक्षाचं काम करणारी, स्क्वाड्रन १९७२ मध्ये नेलिस तळावर उभी केली, हे दोन तपशील शेजारीशेजारी ठेवले की सोंगाची किंमत कळते. ए-४ दिसायला मिग-१७ सारखं मुळीच नव्हतं. ते आकाराने तसं होतं, वळायला तसं होतं आणि वेगाला त्याच्यासारखंच उणं होतं. रूपाने वेगळ्या पण उणिवांनी जुळणाऱ्या विमानाने वैमानिक तयार केले.

आपल्याकडे ही परंपरा त्याच सुमारास रुजली. भारतीय हवाई दलाने १९७१ मध्ये आदमपूरला लढाऊ डावपेचांची स्वतंत्र तुकडी उभी केली. तीच आज ग्वाल्हेरला ‘टॅकडी’ म्हणून ओळखली जाते. महाराष्ट्राचं नातं तर त्याहून जवळचं. नाशिकजवळ ओझरला १९६४ मध्ये हिंदुस्तान एरोनॉटिक्सचा कारखाना निघाला तोच मिग-२१ बांधण्यासाठी. आधी एफएल, मग एम, मग बिस अशा त्याच्या पिढ्या तिथून बाहेर पडल्या, आणि पुढे बिसचं आधुनिकीकरण होऊन बायसनही तिथेच घडलं. १९६३ मध्ये चंदीगडला दाखल झालेलं हे विमान २६ सप्टेंबर २०२५ रोजी चंदीगडलाच निवृत्त झालं. अमेरिकनांनी ज्याचं सोंग उभं करण्यासाठी आटापिटा केला, ते विमान आपल्या गोदाकाठच्या माणसांनी रोज हाताळलं, त्याचे पत्रे वाकवले, त्याची इंजिनं चढवली-उतरवली. मराठी माणसाने एफ-५ वर लाल तारा रंगवायला घेतला, तर मूळ मिग कसा होता हे त्याने अमेरिकन चित्रांवरून शिकावं याचं मला वाईट वाटतं.

मी हे काम जोहे गावात बसून करतो. पेण तालुक्यातलं हे गाव आणि शेजारचं हमरापूर गणेशमूर्तींच्या कारखान्यांसाठी ओळखलं जातं. इथून न रंगवलेल्या कच्च्या मूर्तीही गावोगाव जातात आणि तिथले कारागीर त्या आपापल्या रीतीने रंगवतात. पीतांबर कोणत्याही रंगाचा होवो, सोंडेचं वळण, मांडीची ठेवण, खांद्याचा कल हे साच्यात ठरून गेलेलं असतं. मूर्तीची बैठक रंगाने सुधारत नाही. सिम्युलेटरमधल्या विमानाचा साचा म्हणजे त्याचं उड्डाणाचं गणित, आकड्यांचे तक्ते. पंख वाऱ्याला किती अंशांत सामोरा जातोय हे आडव्या ओळींत आणि वेग ध्वनीच्या किती पट आहे हे उभ्या रकान्यांत. प्रत्येक चौकटीत त्या क्षणी मिळणारी लिफ्ट, म्हणजे पंखाची उचल, किंवा लागणारा ड्रॅग, म्हणजे हवेचा विरोध. विमान दर सेकंदाला कित्येक वेळा या तक्त्यांत डोकावतं आणि पुढे सरकतं. इथला एक रकाना चुकला तर वरच्या रंगाने तो झाकला जात नाही.

एक उदाहरण तपशिलात पाहू. मिग-२१ चा पंख त्रिकोणी. त्याची रुंदी ७.१५ मीटर आणि क्षेत्रफळ २३ चौरस मीटर. एफ-५ई चा पंख ८.१३ मीटर रुंद, पण क्षेत्रफळ १७.२८ चौरस मीटरच. रुंदीच्या वर्गाला क्षेत्रफळाने भागलं की पंख किती लांबुळका आहे ते कळतं. मिगचं उत्तर येतं २.२, एफ-५ चं ३.८. आता वळणाचा विचार करू. विमान जोरात वळवायचं म्हणजे पंखाकडून वजनाच्या कित्येक पट लिफ्ट मागायची, आणि त्या लिफ्टपोटी ड्रॅग सोसायचा. हा ड्रॅग, हवा आणि वेग सारखे धरले तर, पंखाच्या दर मीटर रुंदीवर किती भार येतो त्याच्या वर्गाने वाढतो. बाहेर काही न टांगलेलं मिग-२१ बिस ढोबळमानाने ८७०० किलोचं, एफ-५ई ७००० किलोचं. भागाकार करून वर्ग घेतला की दिसतं, तेवढ्याच तीव्र वळणात मिगला जवळपास दुप्पट किंमत मोजावी लागते. त्रिकोणी पंख अचानक दगा देत नाही, नाक वर चढवत राहिलं तरी लिफ्ट देत राहतो, म्हणून पहिल्या अर्ध्या वळणात मिग भलतंच चपळ वाटतं. तेवढ्यात वेग मात्र ओसरून गेलेला असतो. उलट सरळ रेषेत पळायचं तर बिसच्या इंजिनाचा आफ्टरबर्नरसह जोर सुमारे ७० किलोन्यूटन, एफ-५ च्या दोन्ही इंजिनांचा मिळून ४४. याचा अर्थ, एफ-५ जसंच्या तसं उडवलं तर ते वळणात वेग टिकवणारं आणि पळताना मागे पडणारं मिग होतं, म्हणजे दोन्ही बाजूंनी खोटं. सोंग वठवायचं तर वैमानिकाने वळणात थोडा वेग जाणूनबुजून गमवायला हवा, आणि मिग जिथे निसटलं असतं तिथे आपण मेलो नाही असं धरून चालायची मुभा सरावाच्या नियमांत हवी. सिम्युलेटरमध्ये एफ-५ चे तक्ते एफ-५ चेच ठेवावेत आणि ही शिस्त संगणक-वैमानिकाच्या वागण्यात घालावी, असं मी मानतो. तक्तेच वाकवले तर आपण ना धड एफ-५ घडवलं, ना मिग.

दिसण्याचा प्रश्न याहून अवघड आहे, आणि तिथेच सर्वांत जास्त मेहनत वाया जाते. समोरून येणारं एफ-५ पाच किलोमीटरवर असताना त्याची आठ मीटरची रुंदी डोळ्याला साधारण साडेपाच कलांच्या (कला म्हणजे अंशाचा साठावा भाग) कोनात दिसते. निरोगी डोळा एका कलेपर्यंतचा भेद करू शकतो. म्हणजे विमान बारीक, पण दिसण्याजोगं. आता हेच १९२० पिक्सेल रुंदीच्या पडद्यावर, ९० अंशांचा देखावा मांडून पाहा. त्या विमानाच्या वाट्याला मध्यभागी येतो दीड पिक्सेल. तेवढ्याच अंतरावरच्या एफ-१५ ला, त्याचा पंख तेरा मीटरांचा असल्याने, अडीच. देखावा आवळून ३० अंशांवर आणला तर एफ-५ सहा पिक्सेलांच्या घरात जातं आणि माणसाच्या नजरेशी थोडीफार बरोबरी होते, पण तेव्हा बाकीचं आकाश चौकटीबाहेर गेलेलं असतं. लाखभर त्रिकोणांनी घडवलेलं कवच लढतीच्या ज्या क्षणी सर्वांत महत्त्वाचं, त्या क्षणी दीड पिक्सेल असतं. म्हणून दुरून पाहायची हलकी आवृत्ती मी जवळच्या आवृत्तीइतक्याच काळजीने घडवतो. पंखाची धार पिक्सेलहून पातळ झाली की ती गायब होऊ द्यायची की थोडी जाड ठेवायची, पोटाचा फिकट रंग ढगावर किती मिसळू द्यायचा, असे निर्णय तिथे असतात. या विमानांचं लहानपण हाच त्यांचा मोठा गुण होता; मोठ्या एफ-१४ वाल्यांना ती सरावात उशिरा दिसायची आणि तो उशीरच त्यांना शिकायचा होता. धूर हाही याच हिशोबातला. फँटमची इंजिनं काळी रेघ सोडायची, मिग-२९ चीही सोडतात, आणि विमान दिसण्याआधी ती रेघ दिसते. ती रेघ चुकीच्या विमानाला चिकटली तर पाहणाऱ्याचा डोळा चुकीचं शिकतो.

नजर दुसऱ्या बाजूलाही असते, आणि सिम्युलेटरांत तिचाच सर्वाधिक विसर पडतो. मिग-२१ मधून मागे पाहणं कठीण. कॅनोपीची जाड चौकट, मागे उंच पाठीचा कणा. नंतरच्या आवृत्त्यांत तर कॅनोपीच्या माथ्यावर छोटा पेरिस्कोप बसवावा लागला. नाकातलं रडार खाली पाहू शकत नव्हतं, जमिनीच्या परतीच्या लहरींत लक्ष्य हरवून जायचं. अशा वैमानिकाच्या शेपटीखालून कोणी येत असेल तर त्याला ते कळणारच नाही, जमिनीवरच्या नियंत्रकाने सांगितलं तरच कळेल, आणि नियंत्रकाचं सांगणं कानावर पडेपर्यंत काही सेकंद उलटलेले असतील. संगणक-वैमानिकाला मात्र आकाशातल्या प्रत्येक विमानाचा ठावठिकाणा आपोआप माहीत असतो. त्याला मुद्दाम आंधळं करावं लागतं. मागचा शंकू काळा करायचा, चौकटीमागे गेलेलं लक्ष्य विसरायला लावायचं, सूर्याच्या दिशेने नजर अधू करायची, नियंत्रकाचा आवाज उशिरा पोहोचवायचा. नेलिसच्या अॅग्रेसरांनी जमिनीवरचे नियंत्रकही सोव्हिएत पद्धतीने बोलायला तयार केले होते, यावरून सोंगाची व्याप्ती लक्षात यावी. बहुतेक सिम्युलेटरांत ‘नवशिका’ आणि ‘निष्णात’ या पायऱ्यांमधला फरक फक्त अचूकतेचा असतो. माझ्या मते तो नजरेचा आणि संयमाचा असायला हवा. निष्णाताला मागचं दिसत नाहीच. पण दिसत नाही हे त्याला पक्कं ठाऊक असतं, म्हणून तो अधूनमधून विमान कुशीवर करून मागे पाहतो. नवशिका ते विसरतो.

यावर एक आक्षेप असा, की प्रतिपक्ष जितका बलवान तितकं शिक्षण चांगलं. मग त्याला आंधळा आणि लंगडा कशाला करायचं? याचं उत्तर ऑगस्ट २०२० मध्ये मिळालं असं मला वाटतं. अमेरिकेच्या डार्पा संस्थेने घेतलेल्या आभासी लढतींत हेरॉन सिस्टिम्सच्या संगणक-वैमानिकाने एफ-१६ उडवणाऱ्या प्रत्यक्ष वैमानिकाला ५-० असं हरवलं. निकाल खोटा नव्हता, तंत्रज्ञान म्हणून तो मोठाच होता. पण त्या संगणकाला प्रतिस्पर्ध्याची स्थिती क्षणोक्षणी अचूक कळत होती, आणि तो समोरासमोर धावून येत तोफेचे असे नेम धरत होता की जे धडकेच्या भीतीने सरावाच्या नियमांत बसतच नाहीत. त्याच्याशी लढून माणूस काय शिकला? पुढच्या फेऱ्यांत त्याने आपली चाल बदलली, ती त्या विशिष्ट यंत्राला चुकवण्यासाठी. कोणत्याही देशाच्या कोणत्याही वैमानिकाला ती चाल लागू पडेल याची खात्री नाही. सर्वज्ञ प्रतिपक्ष माणसाला सर्वज्ञाविरुद्धच तयार करतो, आणि तसा शत्रू आकाशात भेटत नाही.

उलट बाजूचा आक्षेप अधिक वजनदार आहे. मर्यादा घालता घालता आपण शत्रूला दुबळं तर करत नाही ना? फेब्रुवारी २००४ मध्ये ग्वाल्हेरला ‘कोप इंडिया’ सरावात अलास्काहून आलेल्या अमेरिकन एफ-१५ विमानांची भारतीय विमानांशी गाठ पडली आणि अमेरिकनांना अनपेक्षित मार बसला. त्या सरावाच्या अटी त्यांना अनुकूल नव्हत्या हे खरं. संख्येत ते बरेचदा एकास तीन होते आणि लांब पल्ल्याच्या क्षेपणास्त्रांचा पुरेपूर वापर त्यांना मोकळा नव्हता. म्हणून त्या निकालावरून कोणतं हवाई दल श्रेष्ठ हे ठरवणं मला पटत नाही. पण त्यांच्या बोलण्यात सुखोईइतकाच मिग-२१ बायसनचा उल्लेख आला, हे मात्र फार बोलकं आहे. त्यांच्या डोक्यातला मिग-२१ सत्तरच्या दशकातला होता. समोर आला तो नवं रडार, इस्रायली जॅमर, शिरस्त्राणावरून नेम धरणारी यंत्रणा आणि आर-७३ क्षेपणास्त्र घेतलेला, तरीही पूर्वीइतकाच लहान आणि दिसायला अवघड. हा आक्षेप मान्य करूनच मी म्हणतो, की चूक मर्यादा घालण्यात नव्हती, ती भलत्याच विमानाच्या मर्यादा घालण्यात होती. बायसनला नवं रडार मिळालं, पण इंजिन आणि त्रिकोणी पंख तेच राहिले. त्याची वळणातली उधळपट्टी तशीच, पण मान वळवून मारण्याची ताकद नवी. कोणती उणीव गेली आणि कोणती टिकली याची विगतवारी प्रत्येक आवृत्तीसाठी नव्याने करावी लागते. एफएल आवृत्तीत तर अंगची तोफच नव्हती, नंतर पोटाखाली तोफेचा पॉड टांगावा लागला, आणि त्याचं वजन आणि ड्रॅग तक्त्यात धरावाच लागतो. ‘मिग-२१’ नावाचा एकच साचा करून सगळ्यांना तोच वापरणं हे आळसाचं काम आहे, मग त्याच्यावरचा रंग कितीही सुंदर असो.

खरे आकडे गुप्त असतात, मग हा सगळा खटाटोप अंदाजपंचेच नाही का, असंही विचारलं जातं. आजच्या विमानांच्या बाबतीत ते बरंचसं खरं आहे, आणि म्हणून नेलिसला २०२२ पासून प्रतिपक्ष म्हणून उडणाऱ्या एफ-३५ सारखं विमान घडवायला मी धजत नाही. पण जुन्या पिढीबद्दल खूप काही उघड आहे. १९७९ मध्ये नासाने एफ-१६ च्या प्रतिकृतीचे पवनबोगद्यातले तक्ते छापले. आजही सिम्युलेटरांतल्या कित्येक एफ-१६ चं मूळ त्या अहवालात सापडतं. इराकी वैमानिक मुनीर रेडफाने १९६६ मध्ये इस्रायलला पळवून नेलेलं मिग-२१ पुढे अमेरिकेत तपासलं गेलं, आणि त्या चाचण्यांचे निष्कर्षही कालांतराने खुले झाले; मागचं न दिसणं, वळणात वेग गळणं, खालच्या उंचीवर वेग वाढला की बसणारे हादरे, सगळं त्यात आहे. त्यापलीकडे भूमिती तर कोणीच लपवू शकत नाही. मघाचा दुपटीचा हिशोब करायला रुंदी आणि वजन एवढंच पुरलं होतं. जिथे आकडा मिळत नाही तिथे वरची आणि खालची मर्यादा लिहून ठेवावी, मधला आकडा वापरावा आणि ते वापरणाऱ्याला दिसेल असं नोंदवावं. अमेरिकन नौदलाने ऐंशीच्या दशकाच्या शेवटी खास प्रतिपक्षाच्या कामासाठी २६ एफ-१६एन घेतली. तोफ काढून हलकी केलेली ती विमानं सरावाच्या अतोनात ताणाने भेगाळली आणि काही वर्षांतच बाजूला ठेवावी लागली. सांगाड्याची ही थकावट सिम्युलेटरमध्ये जवळपास कोणी धरत नाही, कारण तिथे प्रत्येक उड्डाणाला नवं कोरं विमान मिळतं. तीही धरली पाहिजे, हे काम मला अजून साधायचं आहे.

राहता राहिला खेळणाऱ्याचा आक्षेप. त्याला दिवसभराच्या कामानंतर तासभर लढायचं असतं; त्याला इंधनाचा काटा, नियंत्रकाचा उशीर, माघार घेणारा शत्रू नको असतो. ही मागणी मी हलकी मानत नाही, आणि तोफा धडधडणाऱ्या सोप्या लढती वेगळ्या ठेवायला माझी ना नाही. पण ज्या संचावर ‘प्रतिपक्ष प्रशिक्षण’ असं लिहिलंय, त्यात तरी सोंग पुरं असावं. आफ्टरबर्नर लावून लढताना एफ-५ काय आणि मिग-२१ काय, इंधन काही मिनिटांत परतीच्या पातळीवर येतं. तेव्हा प्रतिपक्षाने लढत सोडून जाणं हेच बरोबर. उत्तर व्हिएतनामची मिग-२१ विमानं तर बऱ्याचदा नियंत्रकाच्या सांगण्यावरून उंचावरून मागे यायची, एक फेरी मारायची, क्षेपणास्त्र सोडायची आणि निघून जायची. वळणावळणाच्या लढतीत त्यांना रस नव्हता, कारण तो खेळ आपल्या पंखाला परवडत नाही हे त्यांना कळत होतं. माझ्या संचातल्या उड्डाणांपैकी एक असंच आहे. त्यात खेळाडूला नेम धरायची संधी बहुधा मिळत नाही, मागून आलेलं एफ-५ त्याला निघून जातानाच दिसतं, आणि ते काढून टाका असं लोक सारखं सांगतात. मी ते काढलेलं नाही. त्यात एवढाच बदल केला की, लढत संपल्यावर नियंत्रकाने दिलेले इशारे आणि त्या प्रत्येक वेळी शत्रू आकाशात कुठे होता, हे खेळाडूला सेकंदांसह पाहता येतं.